खरं सांगा, पण आधी आणखी दोनदा जेवून या

पत्र:

ताई, मी ६७ वर्षांचा, नोकरीतून निवृत्त, नागपुरात प्रतापनगरकडे राहतो. आमच्या वस्तीत एक छोटं इटालियन हॉटेल होतं. १९९८ पासून आम्ही तिथं जायचो. दोन्ही मुलांचे दहावी-बारावीचे निकाल, माझं प्रमोशन, सगळं तिथंच साजरं झालं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ते बंद पडलं, पुढे मालकही वारले. आता त्यांच्या मुलीनं पुण्याची नोकरी सोडून ते पुन्हा सुरू केलं आहे. आम्ही हौसेनं गेलो, पण सगळंच बदललेलं. अननसाचे तुकडे घातलेली ती बेक्ड मॅकरोनी मेन्यूत नाही. पास्ता मला कच्चा लागला. एका मित्राला पिझ्झा करपलेला वाटला, वर चीजही कमी. दुसऱ्याला सॉस आंबट लागला. शेजारच्या वहिनी म्हणतात, आधी शुद्ध शाकाहारी होतं, आता चिकन आलं, मी तिथं पाणीही पिणार नाही. जेवण यायला अर्धा तास लागला आणि बिलात सर्व्हिस चार्ज लावला. तरुण मुलांचे दोन तट आहेत. काही म्हणतात, आता कुठे खरं इटालियन मिळालं. काही म्हणतात, हेही ऑथेंटिक नाहीच. निघताना त्या मुलीनं विचारलं, ‘काकाजी, खरं सांगा, कसं झालं?’ मी म्हणालो, ‘एकदम मस्त, बेटा!’ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायच्या ग्रुपमध्ये बोलून गेलो, ‘काही मजा नाही आली न भाऊ.’ ते सगळीकडे पसरलं. आमची सहा कुटुंबं महिन्यातून एकदा तिथं जमणार होती, ती दुसरीकडे गेली. तेव्हापासून मला चैन नाही. मी इटली पाहिलेली नाही, मला त्यातलं काही कळत नाही. तिला खरं सांगावं का? आणि सांगायचा मला अधिकार आहे का?

उत्तर:

भाऊ,

सांगा. तिनं तोंडानं विचारलं आहे, तेव्हा सांगायलाच हवं. पण उद्या सकाळी उठून जाऊ नका. आधी आणखी दोनदा तिथं जेवून या. एकदा दुपारी जा आणि एकदा मंगळवार-बुधवारच्या संध्याकाळी, गर्दी नसताना. नव्या हॉटेलातलं एकच जेवण म्हणजे नव्या तव्यावरचं पहिलं धिरडं. त्यावरून पीठ बिघडलंय की तवा अजून तापायचाय, हे सांगता येत नाही.

दोनदा का म्हणते, ते माझ्या अनुभवावरून सांगते. मी एकोणीस वर्षं विद्यार्थ्यांची मेस चालवली, इथंच, नागपुरात. एक मुलगा सात महिने जेवला. रोज ताट उचलताना म्हणायचा, ‘छान होतं काकू.’ आठव्या महिन्यात तो आला नाही. पुढे त्याच्या रूम पार्टनरकडून कळलं की दिवाळीनंतर माझं वरण त्याला पातळ लागत होतं. ते एकदा बोलला असता तर दुसऱ्याच दिवशी मी मूठभर डाळ जास्त घातली असती. त्याच वर्षी दुसऱ्या एका मुलानं मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘काकू, सोमवारची पोळी रोजच्यापेक्षा चामट असते.’ मला आधी राग आला. मग बघितलं तर खरंच, रविवारी आमची चक्की बंद असायची, म्हणून सोमवारी मी पाकिटातलं पीठ मळायची. शनिवारी दुप्पट दळण आणायला लागले आणि तक्रार संपली. त्या मुलाला स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यानं मला फक्त पदार्थ सांगितला आणि वार सांगितला.

तुमच्या दोन वाक्यांकडे याच नजरेनं बघा. ‘एकदम मस्त’ ऐकून ती मुलगी काय बदलणार? आणि ‘मजा नाही आली’ तिच्या कानावर गेलं असेल, आणि वस्तीत ते जातंच, तर ती तरी काय दुरुस्त करणार? दोन्ही वाक्यांचं स्वयंपाकघरात काही करता येत नाही. पहिल्यानं ती गाफील राहिली, दुसऱ्यानं तिची सहा कुटुंबं गेली. म्हणून तुम्हाला चैन नाही, आणि ते योग्यच आहे.

आता तुम्ही सगळ्यांची जी मतं लिहिली आहेत, ती एकेक करून उलगडू. त्यांतली काही तिच्या हातातली आहेत, काही तिनं मुद्दाम केलेली दिसतात, आणि एक तिच्या स्वयंपाकघरातली नाहीच.

पास्त्यापासून सुरू करते. जुन्या पद्धतीच्या हॉटेलांत पास्ता सहसा सकाळीच मोठ्या पातेल्यात उकडून, गार पाण्याखाली धुऊन, तेलाचा हात लावून फ्रिजमध्ये ठेवलेला असतो. ऑर्डर आली की गरम सॉसमध्ये परतायचा, पाच-सात मिनिटांत टेबलावर. दोनदा शिजल्यामुळे तो मऊ पडतो, आणि आपल्या पिढीनं पास्ता म्हणून तोच मऊपणा ओळखला. आता ती बहुधा प्रत्येक प्लेटीचा पास्ता ऑर्डर आल्यावर टाकत असावी. वाळवलेला पास्ता शिजायला साधारण आठ ते बारा मिनिटं घेतो, त्याआधी पाण्याला खळखळून उकळी हवी, नंतर सॉसमध्ये मिनिटभर परतणं आलं. म्हणजे ‘पास्ता कच्चा’ आणि ‘अर्धा तास लागला’ या तुम्ही वेगवेगळ्या लिहिलेल्या दोन तक्रारी बहुतेक एकाच गोष्टीच्या आहेत. इटलीत पास्ता ‘अल देन्ते’ ठेवतात, म्हणजे दाताला लागेल असा. मसालेभाताचा दाणा कसा शिजलेला असतो पण अख्खा राहतो, तसा. गिचका झाला की आपण नाक मुरडतोच ना?

पण ‘अल देन्ते’ म्हटलं म्हणून तिचा प्रत्येक पास्ता बरोबर असेल असंही नाही. नव्या आचाऱ्याचा हात चुकतो. त्याची परीक्षा तुम्हाला टेबलावर बसून करता येईल. एक तुकडा दातानं अर्धा तोडा आणि तोडलेल्या जागी बघा. मध्ये खडूसारखा पांढरा ठिपका दिसला, चावताना पीठ दाताला चिकटलं, तर तो खरोखर कच्चा आहे. आतून रंग सारखा आहे, चावताना फक्त थोडा जोर लागतोय, तर तो मुद्दाम तसा ठेवलाय. पहिलं असेल तर ती चूक आहे, ती तिला सांगायची. दुसरं असेल तर ती तुमची आवड आहे, आणि तीही सांगायची, फक्त आवड म्हणून. ‘माझा जरा जास्त शिजवशील का?’ एवढं म्हटलं की झालं. दोन मिनिटं जास्त ठेवायला कुठलाही आचारी नाही म्हणत नाही.

इथंच तुमच्या अधिकाराच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तो प्रश्न मला सगळ्यात जास्त लागला. तुम्ही म्हणता, मला यातलं कळत नाही. भाऊ, तुम्ही विदर्भातले. सरगुंडे खाल्ले असतीलच. उन्हाळ्यात घरातल्या बायका जमून कणीक-रव्याचा घट्ट गोळा मळायच्या, त्याची बारीक दोरी वळून काडीवर गुंडाळायच्या, अलगद सोडवून वाळवायच्या, आणि मग लग्नकार्यात, जावई आला की, आमरसासोबत वाढायच्या. दक्षिण इटलीतही घरोघरी बायका असंच करतात. काडीच्या जागी तिथं लोखंडी सळी असते, तिला फेरेत्तो म्हणतात, आणि त्यावर पोकळ मॅकरोनी वळतात. आपण शेवया-सरगुंड्यांना ज्या बन्सी गव्हाचा रवा चांगला मानतो, तो गहू म्हणजे ड्युरमच, आणि वाळवलेला इटालियन पास्ता ड्युरमच्याच रव्याचा करतात. नेपल्सजवळ ग्रान्यानो नावाचं गाव आहे, तिथं एके काळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काठ्यांवर पास्ता वाळत टाकलेला असायचा, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये गच्चीवर खाटेवर शेवया वाळायच्या तसाच. सरगुंडे जास्त उकळून लगदा झाले की तुमच्या घरात कोणीतरी ओरडलंच असेल. तेव्हा शिजलेल्या गव्हाला दात कुठे लागावा, हे तुमच्या जिभेला लहानपणापासून ठाऊक आहे. आणि त्या एका हॉटेलात तुम्ही बावीस वर्षं जेवलात. तेवढं त्या जागेबद्दल तिच्या कुठल्याही नव्या आचाऱ्याला माहीत नाही. तुम्हाला अधिकार आहे.

तुमच्या मित्राचा पिझ्झा. तिच्याकडे लाकडाची भट्टी आहे की विजेची ओव्हन, ते तुम्ही लिहिलेलं नाही. भट्टी असेल तर हे ऐका. नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा ४३० ते ४८० अंश सेल्सियसच्या आचेत साठ ते नव्वद सेकंदांत होतो. एवढ्या आचेनं काठाला फुगे येतात आणि त्या फुग्यांवर काळे ठिपके पडतात. फुलक्यावर विस्तवाचे डाग पडतात ना, तसे. त्या डागांशिवाय फुलका आपल्याला तव्यावरचाच वाटतो. जुन्या साध्या ओव्हनमध्ये दोन-अडीचशे अंशांवर दहा-बारा मिनिटं भाजलेला पिझ्झा सगळीकडून सारखा बदामी आणि कुरकुरीत व्हायचा, मित्र त्याची आठवण काढत असणार. त्यांना सांगा, पुढच्या वेळी पिझ्झ्याचा तुकडा उलटा करून बघा. खालचा सगळा तळ काळा आणि कडू असेल तर करपलाय, परत पाठवा. नुसते ठिपके असतील तर चाखून ठरवा. ही कला नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांकडे इतकी जपलेली आहे की २०१७ मध्ये युनेस्कोनं तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

चीज कमी वाटण्याचंही तसंच. किसून पसरलेलं पिझ्झा चीज सगळीकडे थर धरतं आणि तार ओढतं. ताजं मोझारेला पाण्यात ठेवलेलं असतं, त्याचे तुकडे लांब लांब ठेवावे लागतात, नाहीतर पिझ्झ्यावर डबकं होतं. नेपल्सच्या परिसरात उत्तम मोझारेला म्हशीच्या दुधाचं करतात. हे वाचलं की मला आपली नागपुरी म्हैस आठवते, तिच्या दुधाला किती सुरेख साय येते. कोणी इथं मन लावून ते चीज केलं तर मी रांगेत उभी राहीन. असो.

सॉस आंबट लागला, ही तक्रार मला सगळ्यांत खरी वाटते, आणि ही तिनं ऐकायलाच हवी. जुन्या सॉसमध्ये कांदा, केचप, वर साखर असायची, म्हणून तो गोडसर. इटलीतला साधा टोमॅटो सॉस म्हणजे टोमॅटो, लसूण, ऑलिव्ह तेल, मीठ, थोडी बेझिलची पानं. सब्ज्याच्याच जातीची ती. पण तिकडचे सॉसचे टोमॅटो गरदार आणि गोड असतात. आपल्या बाजारात येतात ते बरेचसे संकरित, जाड सालीचे, लांबच्या वाहतुकीला टिकतील असे. पाणी जास्त, आंबटपणा जास्त. तिकडची कृती जशीच्या तशी इकडच्या टोमॅटोला लावली की सॉस आंबटच होणार. त्यावर उपाय आहेत. मंद आचेवर जास्त वेळ आटवणं, कांदा-गाजर बारीक चिरून आधी तेलात गोड होईपर्यंत परतणं, नाहीतर चिमूटभर साखर. हे तुम्ही तिला शिकवायचं नाही, तिला ठाऊक असणार. पुढच्या जेवणात तुम्हालाही तो आंबट लागला, तर एवढंच सांगायचं की अमुक वारी, अमुक पास्त्यातला सॉस आंबट लागला, आणि टेबलावरच्या किती जणांना लागला. बाकी ती बघेल.

वहिनींचा मुद्दा चवीचा नाही, त्याला चवीच्या तक्रारींत मिसळू नका. ज्या जागी वीस-बावीस वर्षं निर्धास्तपणे जेवलो, तिथं आता प्रत्येक ताटाकडे संशयानं बघावं लागतं, ही त्यांची खंत खरी आहे. दुसरीकडे, सावजीच्या या शहरात हॉटेल चालवायचं तर चिकन ठेवावं असं त्या मुलीला वाटलं, यातही तिचं काही चुकलं नाही. तुम्ही तिला एवढंच विचारा: शाकाहारी पदार्थांची भांडी, तळणीचं तेल, पिझ्झा सरकवायचं फावडं वेगळं आहे का? असेल तर ते मेन्यूवर आणि दारावर स्पष्ट लिहायला सांगा. आणखी एक बारीक गोष्ट बहुतेक शाकाहारी लोकांना माहीत नसते. असली इटालियन पार्मिजानो चीज विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, तो त्यांचा नियमच आहे. भारतात बनणारी बहुतेक चीज सूक्ष्मजीवांपासून काढलेल्या रेनेटची असतात. ती कुठलं वापरते हे तिनं लिहून ठेवलं तर वहिनींसारख्यांना निर्णय करता येईल. त्यावरही त्या नाही आल्या, तर त्यांना ओढू नका.

सर्व्हिस चार्ज. हा मताचा विषयच नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं की हॉटेलांनी तो आपोआप बिलात जोडायचा नाही, देणं न देणं गिऱ्हाइकाची मर्जी. दिल्ली उच्च न्यायालयानंही मार्च २०२५ मध्ये ते कायम ठेवलं. तिला हे आपुलकीनं, लवकर आणि एकटीला सांगा, कोणी भांडायला येण्याआधी.

आणि ती ऑथेंटिकवाली मुलं. त्यांना रागावू नका, त्यांनी जग पाहिलंय आणि त्यांना चांगलं खायचंय. फक्त त्यांच्या मतानं तिला घाबरवू नका. इटलीत एक स्वयंपाक नाही, उत्तरेत लोणी-तांदूळ, दक्षिणेत ऑलिव्ह तेल आणि वाळवलेला पास्ता. टोमॅटोच मुळी अमेरिका खंडातून सोळाव्या शतकात युरोपात पोचला. मिरचीही त्याच वाटेनं आपल्याकडे आली, आणि आज भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. रोममध्ये अल्फ्रेडो पास्ता म्हणजे नुसतं लोणी आणि चीज. क्रीम त्यात अमेरिकेत पडलं, आणि आपण ते क्रीमचंच खातो. पदार्थ गावोगाव फिरतो तसा बदलतो, आणि जिथं रुजतो तिथला होतो.

आता मॅकरोनी. भाऊ, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्या वाचनात मला तक्रारी दिसल्या. तिसऱ्या वाचनात दिसलं की तुम्ही सगळ्यात आधी जे लिहिलंय ते मुलांचे निकाल. ‘आम्ही हौसेनं गेलो’ असं तुम्ही लिहिता, पण किती जण ते नाही लिहिलं. माझा अंदाज आहे, तुम्ही दोघंच गेलात. पश्चिम नागपुरात आता घरोघरी हेच आहे. वरच्या खोल्यांना कुलूप, मुलं पुण्यात, बंगळुरात, नाहीतर त्याहून लांब. चौघांच्या टेबलावर दोघं बसलात. पूर्वी मॅकरोनीची एक प्लेट चौघांत यायची, अननसाच्या तुकड्यांवरून भांडण व्हायचं, धाकट्याचं अर्धं ताट शेवटी तुम्हालाच संपवावं लागायचं. ती चव कुठल्याही आचाऱ्याला करता येणार नाही. ती त्या मुलीच्या सॉसमध्ये नाही, म्हणून तिच्या सॉसला नावं ठेवू नका. जे तुम्हाला खुपतंय त्यातलं थोडं त्या टेबलाचं आहे. तेवढं वेगळं काढून बाजूला ठेवलंत की उरेल ते तिचं, आणि तेवढंच तिला सांगायचं.

माझं चुकत असेल तर माफ करा. पण माझीही मुलगी परदेशात आहे. मेस बंद केल्यावर कित्येक महिने माझं वरण मलाच बेचव लागायचं. डाळ तीच होती.

पण मॅकरोनी मागायला मात्र अजिबात लाजू नका. कोणी म्हणेल, छे, व्हाइट सॉसची मॅकरोनी म्हणजे इटालियन नाहीच. ते खरं नाही. लोणी, मैदा आणि दुधाचा तो सॉस इटलीतही आहे, तिथं त्याला बेशामेला म्हणतात, आणि बोलोन्याच्या लझान्यात तो थरांमध्ये घालतात. भट्टीत भाजलेल्या पास्त्याला तिथं ‘पास्ता अल फोर्नो’ असं नावच आहे, आणि तो तिथं रविवारचं, सणाचं, सगळं घर जमण्याचं जेवण आहे. अननस मात्र आपला. राहू द्या. तिच्या वडिलांनी १९९८ मध्ये नागपुरात इटालियन हॉटेल काढलं तेव्हा त्यांच्या हाताशी मिळत होतं त्यातून त्यांनी एक पदार्थ उभा केला, आणि एका वस्तीनं तो आपला मानला. त्या मुलीला कदाचित त्याची लाज वाटत असेल. पुण्यात काम करून आलेल्या मुलीला वडिलांचा अननस जुनाट वाटू शकतो. किंवा वडिलांचा पदार्थ करताना हात थरथरत असेल, आणि ते ती कोणाला सांगत नसेल. तुम्ही विचारलंत तर कळेल. ‘बेटा, तुझे बाबा करायचे ती मॅकरोनी कशी करायचे, कुठे लिहून ठेवलंय का?’ इतकंच विचारा. ‘ती का काढलीस?’ असं विचारू नका. त्या दोन प्रश्नांत फार अंतर आहे.

प्रत्यक्ष बोलायला दुपारी साडेतीन-चारला जा. दुपारची गर्दी संपलेली असते, संध्याकाळची तयारी सुरू व्हायची असते. बायकोला सोबत न्या, चहा-कॉफी मागवा, पैसे द्या. गल्ल्यापाशी उभ्यानं बोलू नका आणि तिच्याकडे कामाला असलेल्या पोरांसमोर तर नकोच. सुरुवात तुमच्या ‘मस्त’पासून करा. ‘त्या दिवशी तू विचारलंस आणि मी पटकन मस्त म्हणून टाकलं, ते पूर्ण खरं नव्हतं, मला तुझं मन मोडवलं नाही.’ मग जे आवडलं ते नावानिशी सांगा. काहीतरी आवडलं असेलच. सूप, ब्रेड, बसायची जागा, तिचं टेबलापाशी येऊन विचारणं. आणि मग दोन गोष्टी, फक्त दोन, पदार्थ आणि वार यांसह. मित्राचा पिझ्झा आणि वहिनींचं चिकन त्या यादीत घालू नका. ती त्यांची मतं, त्यांनी जाऊन सांगावीत. एका माणसानं साऱ्या वस्तीच्या तक्रारींची मोट बांधून नेली की ऐकणाऱ्याला ते पंचायतीसारखं वाटतं. सर्व्हिस चार्ज आणि वेगळ्या भांड्यांचा प्रश्न तेवढा वेगळा, ते बोलाच.

ती कदाचित ऐकून घेईल आणि काहीच बदलणार नाही. तो तिचा हक्क आहे. हॉटेल तिचं, कर्ज तिचं, पहाटे भाजीबाजारात तीच जाते. सहा महिन्यांनीही तिथलं तुम्हाला रुचलं नाही, तर वर्षातून दोनदा जा, सूप प्या, तिची विचारपूस करा आणि या.

सकाळच्या ग्रुपचं राहिलं. ज्या तोंडानं ‘मजा नाही आली’ म्हणालात, त्याच तोंडानं तिथं पुन्हा बोला. भाषण नको. चालता चालता सांगा: ‘मी त्या दिवशी एकाच जेवणावरून बोललो, घाई झाली. पुन्हा दोनदा जाऊन आलो. पास्ता असा लागला, पिझ्झा असा लागला. तुम्हीच जाऊन बघा.’ त्या दोन जेवणांनंतरही नाही आवडलं असं म्हणायचं असेल तर म्हणा, फक्त काय नाही आवडलं ते नाव घेऊन म्हणा. तुमचं ऐकून सहा कुटुंबं थांबली, म्हणजे तुमच्या शब्दाला तिथं वजन आहे.

आणि त्या सहा कुटुंबांचं जेवण पुन्हा ठरवाल तेव्हा आयत्या वेळी वीस माणसं घेऊन दारात उभे राहू नका. प्रत्येक प्लेटीचा पास्ता वेगळा उकळणाऱ्या छोट्या स्वयंपाकघराची वीस वेगवेगळ्या ऑर्डरींनी दाणादाण उडते, मग पुन्हा अर्धा तास, पुन्हा तक्रारी. दोन दिवस आधी फोन करा, माणसं मोजून सांगा, शाकाहारी किती ते सांगा. भट्टीतला पास्ता अशा जेवणासाठीच असतो. आधी भरून ठेवता येतो, एका ट्रेमध्ये दहा जणांचा होतो, सगळ्यांच्या पानात एकदम गरम पडतो. तिच्या बाबांच्या मॅकरोनीची वही सापडली असेल, तर असे दोन ट्रे सांगा. एकात अननस घालायला सांगा, एकात नको.